घट्ट आणि सैल

एक पेलाभर पाणी समोर घेऊन बसा. पेला काचेचा असला तर बरं, म्हणजे पाण्याची वरची कड दिसेल. घाई करू नका. मध्ये कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा, डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

पाणी काचेला जिथे टेकलंय तिथे आधी बघा. पातळी अगदी सपाट नाही. कडेला पाणी काचेवर किंचित वर चढलेलं दिसेल. आता तर्जनीचं टोक पाण्यात बुडवून हळूच वर काढा. टोकाला थेंब लोंबतो. खालून फुगीर होतो, आता पडेल असं वाटतं, आणि पडत नाही. त्याचं वजन त्याला खाली ओढतंय, तरी कशानं तरी तो धरून ठेवलाय. थेंबाकडे पुरेसा वेळ बघा. आपल्याला आज या धरून ठेवण्याकडेच लक्ष द्यायचं आहे. सजीवांचं रसायन समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पेला साधारण १८० मिलिलिटरचा असेल तर त्यात पाण्याचे किती रेणू असतील? सहावर चोवीस शून्यं मांडा, इतके. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांचं पाणी अशा पेल्यांनी मोजलं, तर जितके पेले भरतील त्याच्या शेकडो पट रेणू या एका पेल्यात आहेत. एवढ्या मोठ्या संख्येवर मन ठरत नाही. म्हणून ती सोडून द्या आणि त्यातला एकच रेणू घ्या.

मधे ऑक्सिजनचा एक अणू, त्याला जोडलेले हायड्रोजनचे दोन. तिघं एका सरळ रेषेत नाहीत, रेणू मधे वाकलेला आहे आणि त्या वाकणाचा कोन साडेएकशेचार अंश आहे. हा कोन क्षुल्लक समजू नका. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे जास्त ओढतो, त्यामुळे त्याची बाजू थोडी ऋण होते आणि हायड्रोजनच्या बाजू थोड्या धन. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ सारखी होऊन रेणूला बाजूच उरली नसती. कार्बन डायऑक्साइडचं तसंच आहे. त्याचा रेणू सरळ आहे, आणि पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड असूनही तो आपल्या खोलीत वायू होऊन फिरतो. हलकं असलेलं पाणी मात्र पेल्यात बसून राहतं, कारण त्याच्या रेणूला दोन वेगळ्या बाजू आहेत. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. बोटावरचा थेंब त्यानेच धरून ठेवला होता.

आता डोळे मिटून दोन प्रकारचं धरणं मनात वेगळं करा. रेणूच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांनी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतली आहे. तो सहसंयुज बंध, घट्ट. रेणूच्या बाहेर, शेजाऱ्याशी असलेला बंध सैल. आतला तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या विसाव्या हिश्शात बाहेरचा सुटतो. शाळेच्या पुस्तकात दोन्ही बंध रेघांनी दाखवतात, एक सलग आणि एक तुटक. ते चित्र सोयीचं आहे, पण त्यात एक गोष्ट येत नाही आणि ती फार महत्त्वाची आहे, असं मला वाटतं. कागदावरची तुटक रेघ जागची हलत नाही. पेल्यातला हायड्रोजन बंध मात्र एका सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग किंवा त्याच्या काही पट एवढाच काळ टिकतो. मग तो सुटतो आणि रेणू दुसऱ्या शेजाऱ्याला धरतो. तुमच्यासमोरचं पाणी निवांत दिसतंय, आणि तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत त्यातल्या प्रत्येक रेणूने अब्जावधी वेळा शेजारी बदलले आहेत. तरीही पाणी विखुरलेलं नाही. धरणाऱ्यांची संख्या कधी कमी होत नाही. कोण कोणाला धरतंय, तेवढंच बदलत राहतं.

ओलं बोट एव्हाना गार लागत असेल. तिकडे लक्ष द्या. थेंबातले जे रेणू जास्त वेगात आहेत ते शेजाऱ्यांपासून सुटून हवेत जात आहेत, आणि सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा तुमच्या बोटातून घेत आहेत. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला एक कॅलरी पुरते. तेच एक ग्रॅम पाणी कातडीवरून सुकताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं. उन्हाळ्यात माठ गार राहतो तो यामुळे, आणि मे महिन्याच्या दुपारी शेतात राबणाऱ्या माणसाचं अंग तापून त्याचा जीव जात नाही तोही यामुळेच. सैल बंध एकेकटा दुबळा असतो. पण तो इतक्या संख्येनं असतो की सगळे सोडवायचे तर मोठी किंमत पडते.

पाणी बाजूला ठेवा. तळहात तोंडासमोर धरून सावकाश श्वास सोडा. ऊब आणि दमटपणा जाणवेल. त्याच श्वासात न जाणवणारंही काही आहे. शाळेत काचेच्या नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकर घातली असेल, तर निवळी दुधाळ झालेली आठवेल. आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड शेकडा ०.०४ असतो, सोडलेल्या श्वासात शेकडा चारच्या आसपास. एका साध्या श्वासाबरोबर साधारण १० मिलिग्रॅम कार्बन अंगातून निघून जातो. दिवसाकाठी तो पाव किलोच्या घरात जातो. एक श्वास घ्या, सोडा, आणि तेवढा कार्बन गेला असं मनाशी म्हणा. आणखी एकदा. हा कार्बन काही दिवसांपूर्वी ज्वारीच्या दाण्यात होता, नाहीतर तुरीच्या डाळीत, आणि त्याआधी हवेत.

हवेत होता, हे माणसाला कळायला फार काळ लागला. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट यांनी २०० पौंड वाळलेली माती कुंडीत भरून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती जेमतेम दोन औंसांनी कमी भरली. झाड सगळं पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लोणारी कोळसा जाळल्यावर निघणारा वायू वेगळा ओळखून त्याला नाव देणारेही हेच गृहस्थ. झाडाचं लाकूड ज्याच्यातून आलं तो वायू त्यांच्या हाताशी होता, पण त्याचा झाडाशी संबंध असेल हे त्यांच्या मनात आलं नाही. मला ही गोष्ट वाचताना नेहमी वाईट वाटतं, आणि त्या माणसाबद्दल आदरही वाटतो. पाच वर्षं एका कुंडीपाशी थांबायला धीर लागतो. झाडाला पाणीही लागतंच. हायड्रोजन पाण्यातून येतो आणि झाड हवेत सोडतं तो ऑक्सिजनही पाण्यातलाच असतो. सॅम्युअल रूबेन आणि मार्टिन केमेन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन वापरून हे दाखवलं.

कार्बनचं वैशिष्ट्य असं की तो चार ठिकाणी घट्ट बंध करतो, आणि स्वतःशीही करतो. त्यातून लांब साखळ्या होतात, फांद्या फुटतात, कडी होतात. साखर, तेल, प्रथिन, डीएनए, सगळ्यांचा सांगाडा त्याचा. तुमच्या वजनात ऑक्सिजन शेकडा ६५, कार्बन १८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ३. ही चार मिळून शेकडा ९६. बाकीच्यात कॅल्शियम, फॉस्फरस आणि थोडी थोडी इतर. यातलं एकही मूलद्रव्य सजीवांसाठी वेगळं राखून ठेवलेलं नाही. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी प्रयोगशाळेतल्या साध्या क्षारांपासून युरिया तयार केला. युरिया लघवीत असतो आणि तो जिवंत देहाशिवाय होत नाही, अशी तोवरची समजूत होती. आजही आपण सहज म्हणतो, यात केमिकल नाही, हे नैसर्गिक आहे. असं म्हणणाऱ्याच्या जिभेवरची लाळही रसायनच आहे. ते कबूल करण्यात सजीवांचा काही अपमान नाही.

मग जिवंतपणा कशात शोधायचा? पुन्हा त्या दोन बंधांकडे चला आणि आता अंगाच्या उबेचा विचार करा. उष्णता म्हणजे रेणूंची सतत चाललेली धडपड. ३७ अंशांना रेणूंना बसणारे धक्के मध्यम असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला अशा धक्क्याच्या शंभराहून जास्त पट जोर लागतो, म्हणून तो आपोआप तुटत नाही. हायड्रोजन बंधाला सात-आठ पट पुरतो, आणि असे मोठे धक्के अधूनमधून बसतातच. एकाच उबेत एक बंध वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसरा क्षणोक्षणी सुटतो, जुळतो. या वाक्यावर थोडं थांबा. शरीर जर फार थंड असतं तर सैल बंधही सुटले नसते. फार तापलं तर जुळलेच नसते.

तापल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरात दिसतं. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडतो तेव्हा पारदर्शक असतो. त्यातल्या मुख्य प्रथिनाच्या एका रेणूत ३८५ अमिनो आम्लं घट्ट बंधांनी ओळीने जोडलेली असतात, आणि ती ओळ स्वतःभोवती नेमक्या तऱ्हेने गुंडाळलेली असते. गुंडाळी सांभाळणारे बंध मुख्यतः सैल. साठ अंशांच्या पुढे ते सुटत जातात. लोकरीचा गुंडा उलगडून त्याचा गुंता व्हावा तसं होतं. लोकर कुठेही तुटलेली नसते. उलगडलेल्या ओळी एकमेकींत अडकतात आणि पांढरा भाग घट्ट, अपारदर्शक होतो. मूलद्रव्यं तीच, त्यांची ओळही तीच, फक्त घडी गेली. आणि घडीबरोबर त्या प्रथिनाचं कामही गेलं. एकशेचार-पाच फॅरनहाइट ताप चढला की आपण घाबरतो, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. तेव्हा आपण या सैल बंधांचीच काळजी घेत असतो.

आता उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी सापडेपर्यंत थांबा. सापडली की काही ठोके नुसते ऐका.

बोटांखालून रक्त जातंय. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. प्रौढ माणसाच्या सगळ्या अंगात मिळून लोह सुमारे चारच ग्रॅम, त्यातलं बरंचसं इथे. फुप्फुसात हा लोहाचा अणू ऑक्सिजनला धरतो. पण धरतो सैल. म्हणूनच पायाच्या बोटापर्यंत गेल्यावर, जिथे ऑक्सिजन कमी आहे आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे तो त्याला सोडू शकतो. आणखी काही ठोके बघा. फुप्फुसात धरणं, बोटाशी सोडणं. सोडण्यासाठी धरलेलं आहे हे.

लोहाने घट्ट धरलं तर काय होतं, हे बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवल्यावर, किंवा थंडीत दारंखिडक्या लावून पेटती शेगडी आत घेतल्यावर होणाऱ्या मृत्यूंनी दाखवलंय. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनमध्ये तो ऑक्सिजनच्याच जागी बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट असते. लोह त्याला लवकर सोडत नाही. रक्त वाहत असतं, हृदय चालू असतं, फुप्फुसांत हवा येत-जात असते, आणि तरी माणूस गुदमरतो. साध्या हवेत निम्मा मोनॉक्साइड सुटायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तास. दवाखान्यात मुखवटा लावून ऑक्सिजन देतात तो याचसाठी. हे लिहिताना एक सांगून ठेवतो: गॅसचा गीझर असेल तर झरोका उघडा असू द्या, आणि शक्य असेल तर गीझर न्हाणीघराबाहेर बसवून घ्या.

नाडीवरची बोटं काढा. हात मांडीवर सैल सोडा.

तुम्ही बसला आहात तोवर तुमच्या अंगात काहीच बदललं नाही असं वाटत असेल. एकेकाळी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटे: देह एकदा तयार झाला की तो तसाच राहतो, आणि खाल्लेलं अन्न बहुतेक इंधन म्हणून जळून जातं. जर्मनी सोडून १९३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या रूडॉल्फ शोनहायमर यांनी कोलंबिया विद्यापीठात उंदरांना जड नायट्रोजनची खूण असलेलं अमिनो आम्ल खाऊ घातलं. प्रौढ उंदीर, वजन न वाढणारे. खाल्लेलं सगळं वापरून बाहेर पडायला हवं होतं. पण खुणेच्या नायट्रोजनपैकी अर्ध्याहून अधिक उंदरांच्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला, आणि त्याच्या जागेवरचा जुना बाहेर पडला होता. चरबीचंही तेच आढळलं. वजनकाट्यावर काही हललेलं नव्हतं, पण द्रव्य बदललं होतं. घट्ट बंध इथे आपोआप तुटत नाहीत. पेशीतली विकरं ते ठरवून तोडतात, ठरवून जोडतात, आणि ती विकरं स्वतःच्या कामाला धरतात तेही बहुतेक सैल बंधांनी. तांबडी पेशी १२० दिवस जगते. रोज वीसेक मिलिग्रॅम लोह मेलेल्या पेशींतून काढून नव्या पेशींना दिलं जातं. जेवणातून नवीन येतं ते एक-दोन मिलिग्रॅम. पालेभाजीतलं लोह महत्त्वाचं आहेच, पण आजच्या तुमच्या रक्तातलं बहुतेक लोह तुमच्याच कालच्या रक्तातलं आहे.

डीएनएकडे वळा. दोन लांब धागे. प्रत्येक धागा लांबीच्या दिशेने घट्ट बंधांनी शिवलेला. आडवे, एका धाग्याला दुसऱ्याशी जोडणारे बंध मात्र सैल हायड्रोजन बंध: एडेनिन आणि थायमिन यांच्यात दोन, ग्वानिन आणि सायटोसिन यांच्यात तीन. मजकूर धाग्याच्या लांबीत लिहिलेला आहे, तो सांडायला नको, म्हणून तिथे पकड पक्की. वाचायचा तर दोन धागे दूर व्हायला हवेत, म्हणून आडवी पकड ढिली. याउलट असतं, लांबीत सैल आणि आडवं घट्ट, तर वारसा टिकलाही नसता आणि वाचताही आला नसता. या रचनेवर हवा तितका वेळ थांबा. मी इथे नेहमीच सगळ्यात जास्त वेळ थांबतो.

तरी सगळंच बदलत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केलं. अशा चाचण्या थांबवणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू उतरत गेलं. झाडांनी ते घेतलं, झाडांतून माणसांत आलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग, योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये माणसाच्या पेशींतल्या डीएनएमधलं हे प्रमाण मोजलं. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशींत ते त्या माणसाच्या जन्माच्या वेळच्या हवेशी जुळलं. म्हणजे या ओळी वाचणाऱ्या पेशींच्या डीएनएमधला बराचसा कार्बन तुमच्या जन्माच्या सुमाराचा आहे, बाकीचा पसारा कितीही वेळा बदलला असला तरी. त्याच गटाने दातांच्या वरच्या कवचातूनही, ते कवच तयार झालं तेव्हाचं वर्ष साधारण दीड वर्षाच्या फरकाने ओळखता येतं, असं दाखवलं.

जीभ समोरच्या दाताला लावा. गुळगुळीत, टणक. दाताचं कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ; त्यात शेकडा ९६ खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे घट्ट बसलेले स्फटिक. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवताना मरून जातात. लाळेशी चालणारी क्षारांची वरवरची देवघेव सोडली, तर त्यात आता काही येत नाही आणि जात नाही. आता जीभ थोडी वर सरकवून हिरडीवर ठेवा. मऊ, ओलसर, उबदार. हिरडीत सगळं चालू आहे, पाणी शेजारी बदलतंय, लोह ऑक्सिजन सोडतंय, पेशी दुभागताना धागे उसवत आहेत. गरम चहाने पोळली तर चार-सहा दिवसांत हिरडी भरून येते. कवचाचा टवका उडाला तर तो परत येत नाही, दंतवैद्याकडेच जावं लागतं.